कोकणच्या खाऱ्या हवेत इमारतीसाठी धातूचे क्लॅडिंग कसे निवडावे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळ, समुद्रापासून साधारण दीड किलोमीटरवर, एका विश्वस्त संस्थेचे तळमजला अधिक सहा मजल्यांचे रुग्णालय उभे राहत आहे. बाहेरच्या भिंतींना धातूचे क्लॅडिंग, म्हणजे वरून पत्र्याचे आवरण, करायचे ठरले असून तीन प्रस्ताव आले आहेत. एका फॅब्रिकेटरने ४ मिलिमीटर जाडीचे एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा असलेले पॅनेल) सुचवले आहे, दुसऱ्याने रंगीत गॅल्व्हल्यूमचा (ॲल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचा) नालीदार पत्रा सुचवला आहे, आणि वास्तुविशारदांना प्रवेशद्वारापाशी कॉर्टेन या मुद्दाम गंजू दिल्या जाणाऱ्या पोलादाचा तांबूस, जाळीदार पडदा हवा आहे. शिवाय काही विश्वस्तांचे म्हणणे असे, की एकदाच जास्त खर्च करून सगळीकडे स्टेनलेस स्टील लावावे, म्हणजे पुढची काळजी मिटेल. यांतले काय निवडावे?

माझे मत आधी सांगतो. दर्शनी भिंतींसाठी ३ मिलिमीटर जाडीचा भरीव ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यावा आणि त्यावर पीव्हीडीएफ (उन्हात टिकणाऱ्या एका प्लास्टिकच्या) रंगाचा मुलामा द्यावा. तो बजेटमध्ये बसत नसेल, तर ज्याचा गाभा ए-२ दर्जाचा, म्हणजे जवळजवळ पूर्णपणे खनिज आहे, असे एसीपी घ्यावे. साधे प्लास्टिकच्या गाभ्याचे एसीपी रुग्णालयाला कोणत्याही परिस्थितीत लावू नये. गॅल्व्हल्यूम मागच्या बाजूच्या सेवा-इमारतींपुरता ठेवावा, कॉर्टेनचा विचार या ठिकाणी सोडून द्यावा, आणि स्टेनलेस स्टीलवरचा खर्च दिसणाऱ्या पत्र्यावर न करता न दिसणाऱ्या बोल्ट, अँकर आणि स्क्रूंवर करावा. या प्रत्येक शिफारशीमागे एकच निकष आहे: ज्या भागापर्यंत पाऊस पोहोचत नाही आणि नजरही पोहोचत नाही, त्या भागात हा धातू कसा टिकेल?

हा निकष मी इतका महत्त्वाचा का मानतो, ते समजण्यासाठी कोकणातल्या हवेकडे पाहावे लागते. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत असे गृहीत धरलेले असते, की पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत राहतो आणि भिंत आपोआप धुतली जाते. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने समुद्रावरून येणारा वारा मीठ आणून भिंतीवर ठेवत असतो आणि ते धुऊन काढणारे कोणी नसते. मीठ नुसते साचत नाही, ते हवेतले पाणी ओढून घेते. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला ओले होऊ लागते. समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागते. म्हणजे आपल्याला भिंत कोरडी दिसत असतानाही तिच्यावर खाऱ्या पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि गंज चढण्यासाठी तेवढा पुरेसा असतो.

त्यामुळे गंजाची सुरुवात बहुधा भिंतीच्या मध्यावर होत नाही. ती सज्ज्याच्या खालच्या बाजूला, खिडकीच्या वरच्या खाचेत, पॅनेलच्या मागच्या कडेला, पोर्चच्या छताला होते. भर पावसाळ्यातही या जागांना पाण्याचा झोत लागत नाही, फक्त दमट हवा लागते. समुद्राजवळच्या इमारतीची पाहणी करताना मी म्हणूनच सर्वांत आधी पोर्चखाली उभा राहून वर पाहतो. दर्शनी भिंत काय सांगते, ते त्यानंतर.

आता कॉर्टेन. या पोलादात तांबे, क्रोमियम यांसारखे धातू अल्प प्रमाणात मिसळलेले असतात आणि त्यामुळे पृष्ठभागावर चढलेला गंज घट्ट बसून आतल्या पोलादाचे रक्षण करतो, अशी त्यामागची कल्पना आहे. पण तो थर घट्ट होण्यासाठी ओले होणे आणि पूर्ण वाळणे हे चक्र पुन्हा पुन्हा चालावे लागते. हवेत क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, असेल तर पृष्ठभाग कधी पूर्ण वाळत नाही, थर सैल राहतो, पापुद्रे सुटत जातात आणि पोलाद झिजत राहते. हवाईमधल्या होनोलुलूचे अलोहा स्टेडियम १९७५ साली याच प्रकारच्या पोलादात बांधले गेले आणि तिथल्या खाऱ्या हवेत ते अपेक्षेप्रमाणे स्थिरावले नाही. पुढची अनेक वर्षे त्याच्या गंजावर उपाय करत राहावे लागले. जाळीदार पडद्याला तर प्रत्येक छिद्राची कड उघडी असते, आणि त्यातून झिरपणारे तांबूस पाणी खालच्या फरशीवर, पायऱ्यांवर डाग पाडते, ते वेगळेच. वास्तुविशारदांना त्या रंगाची ऊब हवी आहे, हे मला समजते आणि पटतेही. मात्र रत्नागिरीत त्यासाठी पोलादाकडे जाण्याचे कारण नाही. प्रवेशद्वाराची भिंत चांगल्या घडीव जांभ्याची करावी. तो दगड तिथलाच आहे, खाऱ्या हवेत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला आपण पाहतो, आणि करड्या-पांढऱ्या ॲल्युमिनियमशेजारी तो उठून दिसेल. पडदाच हवा असेल तर तो ॲल्युमिनियमचा करून त्याला त्या छटेचा रंग द्यावा.

गॅल्व्हल्यूम हा वाईट पदार्थ नाही. पोलादी पत्र्यावर ५५ टक्के ॲल्युमिनियम, सुमारे ४३.५ टक्के जस्त आणि थोडे सिलिकॉन अशा मिश्रधातूचा थर दिलेला असतो, आणि साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा तो बऱ्याच वातावरणांत अधिक टिकतो. अडचण कापलेल्या कडांची आणि स्क्रूच्या भोकांची आहे. तिथे पोलाद उघडे पडते, आणि या थरात जस्त कमी असल्याने उघड्या कडेला मिळणारे संरक्षणही कमी असते. जनरेटरची शेड, पंपघर, वाहनतळाचे छप्पर यांसाठी तो जरूर वापरावा, कारण तिथला पत्रा बदलणे सोपे असते. घेताना दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. पहिली, थराचे वजन दोन्ही बाजूंचे मिळून दर चौरस मीटरला किमान १५० ग्रॅम असावे, ज्याला बाजारात एझेड १५० म्हणतात. दुसरी, जाडी बीएमटीत सांगितली आहे की टीसीटीत. बीएमटी म्हणजे केवळ पोलादाची जाडी आणि टीसीटी म्हणजे मुलामा व रंग धरून एकूण जाडी, ०.५० टीसीटीच्या पत्र्यात पोलाद ०.४५ मिलिमीटरच्या आसपासच असते, आणि दोन कोटेशनांमधला दराचा फरक कित्येकदा एवढाच असतो. हा पत्रा साइटवर ग्राइंडरने कापू देऊ नये. ठिणग्यांचे कण रंगावर रुतून बसतात आणि पहिल्याच पावसात पत्र्यावर तांबूस ठिपके उमटतात.

सगळीकडे स्टेनलेस लावण्याच्या सूचनेबद्दल. बाजारात सहज मिळणारे ३०४ हे स्टेनलेस समुद्राजवळ चहाच्या डागांसारखे तपकिरी होते. त्याने पत्र्याची ताकद फारशी कमी होत नाही, पण रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीला ते शोभत नाही. ३१६ मध्ये २ टक्क्यांहून थोडे अधिक मॉलिब्डेनम असल्याने ते पुष्कळ चांगले टिकते, तरी तेही न धुता राहू शकत नाही. शिवाय पृष्ठभाग जितका खरखरीत, तितके मीठ त्यात अडकते. ब्रश-फिनिशच्या रेषा आडव्या असतील तर त्यांतच धूळ आणि मीठ बसते, म्हणून बाहेरच्या कामात त्या उभ्या ठेवाव्या लागतात. एवढा खर्च करून दर काही महिन्यांनी धुण्याचे काम टळणारच नसेल, तर तो खर्च पत्र्यावर करण्यात मला अर्थ दिसत नाही. जस्ताचे आणि तांब्याचे पत्रेही मी इथे बाजूला ठेवतो. दोन्ही सुंदर आहेत, दोन्हींना आपापली नैसर्गिक झाक येते, पण त्यांचे काम करणारे सराईत कारागीर कोकणात मिळणे कठीण आहे, आणि तांब्यावरून वाहिलेले पाणी खालच्या ॲल्युमिनियमला किंवा जस्ताला खाऊन टाकते.

एसीपीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडच्या बहुतेक इमारतींवर तेच लागते आणि सर्वांत गंभीर चूकही तिथेच होते. एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये दाबून बसवलेला गाभा. ४ मिलिमीटरच्या शीटमध्ये बाहेरच्या कामासाठी दोन्ही बाजूंचा पत्रा ०.५ मिलिमीटरचा असावा, म्हणजे गाभा ३ मिलिमीटरचा उरतो. तुम्हाला आलेल्या प्रस्तावात शीटचा रंग आहे, ब्रँड आहे, एकूण जाडी आहे. गाभा कशाचा आणि वरचा पत्रा किती जाडीचा, याचा उल्लेखच नाही. दुकानांच्या पाट्यांसाठी बनणाऱ्या ०.२५ मिलिमीटर पत्र्याच्या शीटची एकूण जाडीही तितकीच असू शकते, आणि दुरून पाहता कोणाला फरक कळत नाही.

गाभा साध्या पॉलिथिलीनचा असेल, तर भिंतीच्या दर चौरस मीटरमागे सुमारे पावणेतीन किलो प्लास्टिक लटकत असते. किलोमागे त्या प्लास्टिकमध्ये जळण्याची ऊर्जा जवळजवळ डिझेलइतकी असते. हजार चौरस मीटरच्या भिंतीवर हे पावणेतीन टन होतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पॉलिथिलीन त्याच्या कितीतरी आधी, ११० ते १३० अंशांच्या दरम्यान. म्हणून खिडकीतून बाहेर आलेली ज्वाळा पॅनेलच्या कडेला लागली, की गाभा वितळून जळते थेंब खाली टाकू लागतो आणि मागच्या पोकळीतून आग वर चढते. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी नेमके हेच घडले. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातल्या शीतकपाटापासून लागलेली आग बाहेरच्या आवरणात शिरली आणि अर्ध्या तासाच्या आत २४ मजली इमारतीच्या माथ्यापर्यंत पोहोचली. ७२ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीच्या पहिल्या टप्प्याच्या अहवालाने आग इतक्या वेगाने पसरण्याचे मुख्य कारण म्हणून पॉलिथिलीनच्या गाभ्याच्या पॅनेलांकडेच बोट दाखवले. त्याआधी २०१४ साली मेलबर्नच्या लॅक्रोस इमारतीत आणि २०१५ च्या अखेरच्या रात्री दुबईच्या एका उंच हॉटेलात आग अशीच बाहेरून चढलेली जगाने पाहिली होती. ग्रेनफेलनंतर इंग्लंडने १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्यभिंतींत ज्वलनशील पदार्थ वापरण्यास बंदी घातली.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची इमारत ‘उंच इमारत’ गणली जाते. तुमचे रुग्णालय त्या मर्यादेच्या बरेच वर जाते. पण संहितेतला आकडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा, व्हेंटिलेटरवरचा किंवा नुकतीच प्रसूती झालेला रुग्ण जिन्याने धावत उतरू शकत नाही. जिथे माणसांना बाहेर काढायला वेळ लागतो, तिथे बाहेरच्या भिंतीने आगीला वाट देता कामा नये. या एका मुद्द्यावर मी दर, दिसणे किंवा वेळापत्रक यांपैकी कशाचीही तडजोड मान्य करणार नाही, आणि विश्वस्तांनीही करू नये.

बाजारात ‘एफआर’ (आगीला प्रतिकार करणारी) असा शिक्का मारलेली शीट सर्रास मिळते. तिच्या गाभ्यात प्लास्टिकबरोबर खनिज भुकटी मिसळलेली असते. मात्र खनिजाचे प्रमाण कंपनीनुसार बरेच बदलते आणि नुसत्या शिक्क्यावरून ते कळत नाही. ए-२ दर्जाच्या गाभ्यात खनिज साधारण ९० टक्के किंवा त्याहून अधिक असते, आणि युरोपीय वर्गवारीत या दर्जासाठी उष्मांक किलोमागे ३ मेगाज्यूलच्या आत असावा लागतो. पॉलिथिलीनचा तो ४५ च्या आसपास असतो. यावरून फरकाची कल्पना येईल. चाचणीचा अहवाल मागताना तो त्याच कंपनीच्या, त्याच जाडीच्या आणि त्याच गाभ्याच्या शीटचा आहे ना, हे पाहावे. माल साइटवर आल्यावर कोणत्याही खोक्यातली एक शीट निवडून तिचे तुकडे स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवावेत. तोपर्यंत प्राथमिक तपासणी म्हणून मोकळ्या जागेत, पाण्याची बादली जवळ ठेवून, तुकड्याची कड ज्योतीवर धरून पाहावी. साधे पॉलिथिलीन मेणासारखा वास सोडत वितळते आणि जळते थेंब टाकते; खनिजाचा गाभा काळवंडतो, राखेसारखा होतो, पण गळत नाही. ही तपासणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही, परंतु उघड फसवणूक तिने लगेच कळते.

भरीव ॲल्युमिनियमला मी पहिली पसंती का देतो, हे आता स्पष्ट झाले असेल. त्यात जळणारा गाभाच नाही. ३ मिलिमीटर पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ८ किलो भरते. साध्या एसीपीचे साडेपाच किलोच्या आसपास असते, म्हणजे फरक सांगाड्याला सहज पेलणारा आहे. धक्क्याने पोचा पडला तरी थर सुटत नाहीत, आणि काही दशकांनी पत्रा उतरवावा लागला तर तो सरळ भंगारात चांगल्या भावाने जातो. एसीपीचे थर वेगळे करणे कटकटीचे असल्याने त्याला तसा भाव मिळत नाही. दोष म्हणाल तर मोठ्या सपाट पॅनेलवर उन्हाच्या तिरप्या प्रकाशात लाटा दिसू शकतात. पॅनेलची रुंदी आटोपशीर ठेवणे, मागे उभ्या पट्ट्या देणे आणि अगदी चकचकीत रंग टाळणे, हा त्यावरचा उपाय आहे. मिश्रधातू ३००३ किंवा ५००५ यांपैकी घ्यावा, आणि पॅनेलची घडी, भोके, कोपरे सगळे करून झाल्यावरच त्याला रंग द्यावा, म्हणजे कापलेल्या कडाही रंगाखाली जातात. समुद्राजवळ रंगाखालून कडेने सुरू होणारी, दोऱ्यासारखी वळत जाणारी झीज हा ॲल्युमिनियमचा नेहमीचा आजार आहे, आणि ती जवळजवळ नेहमी उघड्या कडेपासूनच सुरू होते.

रंगाच्या बाबतीत साधा पॉलिस्टर आणि पीव्हीडीएफ यांतला फरक पहिल्या दिवशी दिसत नाही. काही उन्हाळे गेले, की पॉलिस्टरचा रंग उडू लागतो आणि हात फिरवला तर बोटांना भुकटी लागते. पीव्हीडीएफ म्हणताना राळेत त्याचे प्रमाण ७० टक्के असावे, आणि कसोटी आमा या अमेरिकी संस्थेची २६०५ ही असावी. या कसोटीत रंगवलेले नमुने दक्षिण फ्लोरिडाच्या दमट उन्हात १० वर्षे ठेवून तपासलेले असतात. २६०४ मध्ये हा काळ ५ वर्षांचा आणि २६०३ मध्ये केवळ एका वर्षाचा आहे, आणि कोटेशनमध्ये या आकड्यांची अदलाबदल पुष्कळदा आढळते. पावडर कोटिंगच घ्यायचे झाले, तर रंगाआधी धातूवर पातळ ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने चढवलेला संरक्षक थर) करून घ्यावे. समुद्रकाठच्या कामात या एका पायरीने आयुष्य स्पष्टपणे वाढते. ‘सॉल्ट स्प्रे इतके तास’ असा मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचा आकडा कोणी पुढे केला तर त्याचा उपयोग दोन रंगांची तुलना करण्यापुरताच करावा, कारण त्या तासांचे वर्षांत रूपांतर होत नाही. हमीपत्र वाचताना समुद्रापासूनच्या अंतराची अट पाहावी. अनेक हमीपत्रांत किनाऱ्यालगतच्या इमारती वगळलेल्या असतात किंवा ठरावीक काळाने धुतल्याची नोंद मागितलेली असते, आणि हे पहिल्या पानावर छापलेले नसते.

पत्रा कितीही उत्तम असला तरी तो ज्यावर टांगला आहे, ते आधी गंजले तर सगळे व्यर्थ जाते. आपल्याकडची रूढ पद्धत अशी, की एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा सांगाडा साइटवरच वेल्डिंग करून उभा करायचा आणि त्याला रेड ऑक्साइडचा हात मारायचा. कोकणात ही पद्धत बंद झाली पाहिजे. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वापरला तरी वेल्डिंगच्या जागी मुलामा जळून जातो आणि गंज तिथूनच शिरतो. आणि सांगाडा पॅनेलमागे झाकलेला असल्याने पॅनेल हलू लागेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. सांगाडा ॲल्युमिनियमच्या ६०६३ मिश्रधातूच्या एक्स्ट्रूजनचा (साच्यातून दाबून काढलेल्या पट्ट्यांचा) करावा, ब्रॅकेट बोल्टने जोडावेत, आणि अँकर व बोल्ट ३१६ स्टेनलेसचे घ्यावेत. स्टेनलेसचा छोटा स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा मोठा पत्रा ही जोडी चालते, कारण झिजणाऱ्या धातूचे क्षेत्रफळ खूप मोठे असते. मोठ्या स्टेनलेसच्या पत्र्यात ॲल्युमिनियमचा रिव्हेट मारला तर तो रिव्हेट लवकरच खाल्ला जातो. दोन्ही धातूंच्या मध्ये नायलॉन किंवा ईपीडीएम या रबराची चकती घालणे मात्र दोन्हीकडे आवश्यक आहे. काँक्रीटला टेकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटखालीही तशीच पट्टी घालावी, कारण ओल्या सिमेंटचा अल्कली ॲल्युमिनियमला पोखरतो. याच कारणाने प्लॅस्टरचे सगळे काम आटोपल्याशिवाय पॅनेल चढवू नयेत. ओल्या सिमेंटचे शिंतोडे पॅनेलवर कायमचे पांढरट डाग पाडतात.

अँकर कशात रुततो, हेही विचारावे. आजकाल बाहेरच्या भिंती एएसी, म्हणजे फुगवलेल्या काँक्रीटच्या, ब्लॉकच्या असतात आणि हा ब्लॉक हलका व सच्छिद्र असल्याने वाऱ्याची ओढ सहन करण्याइतकी पकड देत नाही. मुख्य ब्रॅकेट आरसीसीच्या तुळया, स्तंभ आणि स्लॅबमध्येच बसले पाहिजेत आणि मधले अंतर उभ्या प्रोफाइलने पेलले पाहिजे. वाऱ्याचा हिशेब आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे होतो. त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरलेला आहे. ४४ मीटरला येणारा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलोवजनाइतका भरतो, आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर व पॅरापेटजवळ (गच्चीच्या कठड्याजवळ) त्याहून बरीच जास्त ओढ बाहेरच्या दिशेने लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने किनाऱ्यावर छपरांचे काय केले, ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. फॅब्रिकेटरकडून कोपऱ्यातल्या पॅनेलांचा वेगळा हिशेब मागावा आणि तो संरचना अभियंत्यांकडून तपासून घ्यावा. कोयनेचा १९६७ चा भूकंप याच पट्ट्याला जाणवला होता, हे लक्षात घेऊन मजल्यामजल्यांतल्या सांध्यांना हलायला जागा आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

पॅनेल उन्हाने वाढते, त्यालाही जागा लागते. ३ मीटर लांबीचे ॲल्युमिनियमचे पॅनेल ५० अंशांच्या फरकाला सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते. पोलाद याच्या निम्मे. गडद रंगाचे पॅनेल दुपारी ७० अंशांपर्यंत सहज तापते. म्हणून एक टोक पक्के आणि बाकीची भोके लांबट ठेवावी लागतात. सगळेच स्क्रू करकचून आवळले तर पॅनेल दुपारी आवाज करते आणि कालांतराने भोकापाशी फाटते.

पाण्याबाबत मी सिलिकॉनवर विसंबून राहण्याच्या विरुद्ध आहे. सांधे सिलिकॉनने भरून भिंत बंद केली, की पहिली काही वर्षे ती कोरडी राहते. मग कुठेतरी सिलिकॉन सुटते, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. त्यापेक्षा पाणी थोडे आत येणारच, असे गृहीत धरावे. मागच्या भिंतीला चांगले जलरोधक प्लॅस्टर किंवा पटल द्यावे, मध्ये २५ ते ५० मिलिमीटर मोकळी पोकळी ठेवावी, प्रत्येक खिडकीवर पाणी बाहेर काढणारी पट्टी द्यावी आणि पोकळीला खाली व वर हवा खेळती ठेवावी. अशा पोकळीत ओल वाळते आणि भिंतही थंड राहते. खालच्या व वरच्या फटींना बारीक जाळी लावायला विसरू नये, कारण ती नसेल तर कबुतरे पहिल्याच वर्षी आत घरटी करतात. रुग्णालयाच्या भिंतीत त्यांची विष्ठा साचणे आरोग्याला घातक आहे, आणि धातूलाही. मात्र हीच पोकळी आगीच्या वेळी धुराड्यासारखी ओढ घेते, म्हणून प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी तिला अग्निरोधक अडसर असला पाहिजे. स्लॅब आणि दर्शनी आवरण यांमधली फट स्लॅबइतक्याच अग्निरोधक क्षमतेच्या पदार्थाने बंद करावी, असे बांधकाम संहिताही सांगते. उष्णतारोधक थर द्यायचा असेल तर तो खनिज लोकरीचा द्यावा. फोमचा देऊन ए-२ पॅनेलवर केलेला खर्च वाया घालवू नये.

पॅरापेटच्या माथ्यावरचे कोपिंग (झाकणपट्टी) गच्चीच्या बाजूला उतार देऊन बसवावे, नाहीतर तिथली धूळ पहिल्या वळवाच्या पावसात दर्शनी भिंतीवरून काळ्या ओघळांनी उतरते. संपूर्ण धातूचे आवरण वीजसंरक्षणाच्या अर्थिंगला जोडलेले असावे. हे विद्युत सल्लागारांना आधीच सांगावे लागते, कारण नंतर जोड देण्यासाठी पॅनेल उतरवावे लागते.

धुण्याची व्यवस्था आराखड्यातच ठरवायला हवी. गच्चीवर दोर किंवा गोंडोला (कामगारांचा टांगता पाळणा) बांधण्यासाठी पक्के हूक नसतील, तर सहाव्या मजल्याची भिंत कोणीही धुणार नाही, हमीपत्रात काहीही लिहिलेले असो. दिवाळीनंतर एकदा, होळीच्या सुमारास एकदा आणि मेच्या अखेरीस एकदा गोड्या पाण्याने, सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने धुवावे. पोर्चचे छत आणि सज्ज्यांच्या खालच्या बाजू यांना प्रत्येक वेळी आधी हात लावावा, कारण पावसाळाही त्यांना धूत नाही. बोअरवेलचे पाणी खारट असेल तर ते वापरू नये. फरशीच्या सफाईचे ॲसिड भिंतीजवळ येऊ देऊ नये. पॅनेलवरची संरक्षक फिल्म काम संपताच काढून टाकावी, कारण उन्हाने ती चिकटून बसली की गोंद रंगावर राहतो. धातूच्या झाकेचा रंग घेत असाल तर फिल्मवरच्या बाणांची दिशा सगळीकडे एकच ठेवावी. एक पॅनेल उलटे लागले तरी उन्हात ते वेगळ्या छटेचे दिसते आणि मग त्याला इलाज नसतो.

निविदा काढण्यापूर्वी फॅब्रिकेटरला एका कोपऱ्याचा नमुना प्रत्यक्ष भिंतीवर उभा करायला सांगावे, ज्यात खिडकीची एक बाजू, एक उभा सांधा आणि कोपिंग येईल. त्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारून आत ओल येते का, ते पाहावे, मग एक पॅनेल उतरवून मागचे अँकर, चकत्या आणि कडा सर्वांसमोर तपासाव्यात. एखादा फॅब्रिकेटर यासाठी तयार नसेल, तर त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला काम देऊ नये. प्रत्येक रंगाची काही पॅनेले त्याच बॅचमधून जास्तीची बनवून घ्यावीत, कारण पाच वर्षांनी रुग्णवाहिकेने धक्का दिलेले पॅनेल बदलताना तीच छटा पुन्हा मिळत नाही.

एवढे सगळे करून खर्च आवाक्याबाहेर जात असेल, तर पत्र्याचा दर्जा किंवा अँकरचा धातू कमी करू नये. क्लॅडिंगचे क्षेत्रफळ कमी करावे. मागच्या दोन भिंतींना चांगले प्लॅस्टर, रुंद सज्जे आणि दर काही वर्षांनी रंगाचा हात पुरेसा आहे; तिथे परांची बांधून रंग देणे कोणत्याही स्थानिक कंत्राटदाराला जमते. धातू रस्त्याकडच्या दर्शनी भागापुरता ठेवला, तर तुमच्याच बजेटमध्ये भरीव ॲल्युमिनियम, ३१६ चे अँकर आणि गच्चीवरचे हूक हे तिन्ही बसण्याची शक्यता आहे, आणि फॅब्रिकेटरकडून नवा दर मागवताना या तिन्हींची किंमत वेगवेगळी लिहून घ्यावी.